दुधासारखा पेपरचाही खाडा मांडा
दुकानात, सलूनमध्ये, वाचनालयात पेपर वेळेवर यावा यासाठी पेपरवाला कसा पारखावा?

शेतकरी बंधूंनो, सकाळी फाट्यावरच्या हॉटेलात चहाला गेलात की पहिला प्रश्न कोणता विचारता? "पेपर आला का?" हॉटेलवाला भजी तळता तळताच उत्तर देतो, "नाही बा अजून. नऊच्या गाडीला येतो का बगू." नऊची गाडी येते आणि जाते. पेपर उगवतो अकराला. नाहीतर आज येतच नाही आणि उद्या दोन दिवसांचे अंक एकदम पडतात. तोवर बाकड्यावरचं गिऱ्हाईक उठून समोरच्या हॉटेलात गेलेलं असतं, कारण तिथं पेपर सातला येतो. चहा दोन्हीकडं सारखाच गोड.

ही गोष्ट एकट्या हॉटेलची नाही. सलूनवाला पेपर घेतो, कारण नंबर लागेपर्यंत गिऱ्हाईक बसून राहिलं पाहिजे. कृषी सेवा केंद्रवाला घेतो, कारण बी-बियाणं घ्यायला आलेला माणूस आधी भाव विचारतो. पिठाच्या गिरणीत, किराणा दुकानात, पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत पेपर लागतोच. नांदेड जिल्ह्यातले सोळा आणि लातूरचे दहा असे सव्वीस तालुके धरले, तर अशी किती दुकानं असतील याचा अंदाज तुम्हीच करा. या छोट्या धंदेवाल्यांची तक्रार एकच. पैसे पूर्ण जातात, पेपर मात्र भरवशाचा नाही.

मग भरवशाचा पेपरवाला मिळवायचा कसा? आज त्याचाच हिशेब मांडू. पण आधी एक शंका दूर करू. "पेपर उशिरा आला तर असं काय आभाळ कोसळतं?" असं काही जण म्हणतात. पाहूया.

एका दिवसाची किंमत

भाजी शिळी झाली तर जनावराला घालता येते. पेपर शिळा झाला तर तो रद्दीच. त्याची किंमत त्याच दिवसापुरती असते. सकाळच्या अंकात लातूर बाजार समितीतले सोयाबीनचे, तुरीचे भाव येतात ते आदल्या दिवसाचे. अंक एक दिवस उशिरा मिळाला की भाव दोन दिवसांचा जुना झाला. तोवर माल गाडीत भरलेला असतो.

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात दर त्याच्या खाली होते. सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणीची मुदत त्या हंगामात एकापेक्षा जास्त वेळा वाढली. वाढलेली तारीख ज्याला वेळेत कळली, त्याला केंद्र गाठता आलं. ज्याला कळली नाही, तो आडतीत मिळेल त्या दराला माल देऊन मोकळा झाला. पीक विम्याचंही तसंच. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा निघत होता. २०२५ च्या खरिपात ती सवलत गेली, खरिपाच्या पिकांना विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत शेतकऱ्याचा हिस्सा आला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरू लागली. असे बदल चावडीवर ओरडून कोणी सांगत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमिनीच्या नोटिसा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना राजपत्राबरोबरच त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत द्यावी लागते. त्यातलं एक दैनिक प्रादेशिक भाषेतलं हवं. कलम १५ प्रमाणे हरकतीला साठ दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जात असेल तर अधिसूचनेचा मजकूर दोन स्थानिक दैनिकांत येतो, पण हरकतीला मुदत फक्त एकवीस दिवसांची, आणि ती मोजली जाते राजपत्रात अधिसूचना आल्याच्या तारखेपासून. म्हणजे पेपरात नोटीस दिसते तेव्हा काही दिवस आधीच गेलेले असतात. त्यात आपला अंक आलाच नाही, तर?

शेजारच्या भावकीतली जमीन विकली जाते तेव्हाही वकिलाचं 'जाहीर प्रकटन' आत कुठंतरी बारीक टाइपात असतं. "सात दिवसांत हरकत न आल्यास कोणाचाही हक्क नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल." हरकत घेतली नाही म्हणून कायद्यानं हक्क लगेच बुडतो असं नाही. पण सात दिवसांत एका अर्जावर भागलं असतं, तिथं पुढं सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. बांधावरचा माणूस घरी पेपर घेत नाही, तो हॉटेलात किंवा सलूनमध्ये वाचतो. तुमच्या बाकड्यावरच्या एका अंकाला गावातले पन्नास डोळे लागलेले असतात. म्हणून दुकानदारांनो, तुमचा पेपरवाला हा गावाचाही पेपरवाला आहे.

पेपर गावात येतो कसा?

माणूस पारखायचा तर आधी त्याचं काम समजलं पाहिजे. आपल्याकडं येणाऱ्या दैनिकांपैकी काही इथंच, म्हणजे नांदेडला किंवा लातूरला छापली जातात, तर काही बाहेरच्या शहरातून छापून येतात. छापखाना जितका लांब, तितकी पानं लवकर लावावी लागतात. त्यालाच डाक आवृत्ती म्हणतात. रात्री उशिराची बातमी तिच्यात सापडत नाही, ती याचमुळे.

मध्यरात्रीनंतर अंक निघतात. गठ्ठे बांधून गाड्या सुटतात. प्रत्येक गाडीची लाइन ठरलेली. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, किनवटकडं एक लाइन, कंधार-मुखेडकडं दुसरी, नायगाव-देगलूरकडं तिसरी, अशा वाटा असतात. लातूरहून औसा-निलंगा, चाकूर-अहमदपूर, उदगीर-देवणी अशाच. किनवट-माहूर म्हणजे नांदेडपासून शंभर किलोमीटरच्या पुढची गावं, तिथं पेपर लातूर शहरासारखा पाचला कसा पोचणार? तालुक्याच्या ठिकाणी एजंट गठ्ठा उतरवून घेतो, अंक मोजतो, पुरवण्या घालतो, पोरांना वाटून देतो. पुढं खेड्यापर्यंतचा पल्ला एसटीवर, जीपवर किंवा मोटारसायकलवर.

आता पैशाची बाजू. एजंट पेपरकडं अनामत भरतो. छापील किमतीतून त्याला कमिशन सुटतं, तीच त्याची कमाई. न खपलेले अंक परत घेण्यावर बहुतेक पेपरांची मर्यादा असते, काही घेतच नाहीत. म्हणून तो मोजून अंक मागवतो, एकही जादा ठेवत नाही. तुम्ही "आज एक अंक जास्त दे" म्हणालात आणि त्यानं मान हलवली, तर तो उर्मटपणा नव्हे. त्याच्याकडं अंकच नसतो.

या साखळीत छापखाना, गाडी, तालुका एजंट, गावातला पोरगा असे चार दुवे झाले. पेपरचं नाव कितीही मोठं असो, तुमचा अंक बहुधा शेवटच्या दुव्यात अडकतो. म्हणून "कोणता पेपर लावू?" हा प्रश्न नंतरचा. आधी "आणणार कोण?" ते विचारा.

शोधायचा कुठं?

पहिला मार्ग सोपा आहे, फक्त झोप मोडावी लागते. एक दिवस पहाटे पाचला तालुक्याच्या बसस्थानकावर जा. गठ्ठे कुठं उतरतात, कोण सोडतं, कोण आधी निघतं, कोण चहा पीत रेंगाळतं, हे अर्ध्या तासात दिसतं. चार पेपरवाल्यांशी बोललात की तुमच्या रस्त्यानं कोण जातं तेही कळतं. घरबसल्या दहा फोन करून एवढी माहिती मिळत नाही.

दुसरा मार्ग पेपरच्या कार्यालयाचा. प्रत्येक अंकात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता छापलेला असतो, बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी. तो कायदाच आहे. त्या पत्त्यावर वितरण विभाग मागा आणि विचारा, "आमच्या गावच्या लाइनचा अधिकृत एजंट कोण?" उद्या तक्रार करायची वेळ आली तरी हाच पत्ता कामाला येतो.

तिसरा मार्ग शेजाऱ्याचा. ज्या दुकानात पेपर वेळेवर दिसतो, त्याला विचारा. मात्र धंद्यातला स्पर्धक खरं सांगेलच असं नाही, तेव्हा शाळेतल्या गुरुजींना किंवा दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलेलं बरं.

ठरवण्याआधी सात प्रश्न

बैल घेताना दात बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो. पेपरवाल्याला निदान सात प्रश्न तरी विचारा.

१. अंक माझ्या दारात किती वाजता पडेल? "सकाळी" हे उत्तर चालणार नाही. सात म्हणजे सात.

२. पावसाळ्यात कोणत्या रस्त्यानं येणार? आपल्याकडं ओढ्यावरून पाणी गेलं की गाव तुटतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात गावं पाण्यात गेली तेव्हा माणसांना बाहेर काढणं मुश्कील होतं, तिथं पेपरची काय कथा? असा प्रसंग वेगळा. पण दर पावसाळ्यात दोन-चार दिवस बंद पडणारा रस्ता असेल तर दुसरी वाट त्यानं आधीच सांगावी.

३. तू आजारी पडलास, लग्नाला गेलास, तर कोण येणार? ज्याच्याकडं बदली माणूस आहे, तोच खरा भरवशाचा.

४. एका पेपरचा आहेस की सगळ्यांचा? सगळे पेपर आणणारा असेल तर एकाचा गठ्ठा चुकला तरी दुसरा अंक मिळतो. देगलूर, धर्माबाद, उदगीर अशा सीमेवरच्या गावांत तेलुगू, कन्नड, उर्दू वाचणारं गिऱ्हाईकही असतं, त्यांचा पेपर तो आणतो का तेही विचारा.

५. अंक चुकला तर बिलातून वजा होणार ना? हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं.

६. बिल महिन्याच्या कोणत्या तारखेला आणि पावती मिळणार का?

७. आगाऊ पैसे किती? एका महिन्याचे देणं ठीक. वर्षभराची वर्गणी भरायची असेल तर पेपरची छापील पावती हातात आल्याशिवाय नोट काढू नका. सोबत बादली मिळते, डबा मिळतो, म्हणून घाई करू नका. योजना विकणारा माणूस एक असतो आणि रोज अंक टाकणारा दुसराच असतो. "या योजनेचा अंक मी टाकीन" असं टाकणाऱ्याच्याच तोंडून ऐका, मग पैसे भरा.

खाडा मांडा

ठरलं तरी पहिला महिना परीक्षेचा समजा. घरातली बाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडते ना? तसाच पेपरचा मांडा. अंक आला की त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहा, नाही आला तर फुली. महिनाअखेरीस भांडायची गरज उरत नाही, कॅलेंडरच बोलतं.

हिशेब असा. समजा, अंकाची किंमत ५ रुपये, महिना ३१ दिवसांचा. त्यात एक दिवस पेपरचीच सुट्टी, तीन दिवस खाडा. म्हणजे अंक आले २७, बिल झालं १३५ रुपये. पेपरवाल्यानं सरसकट १५५ मागितले तर २० रुपये जास्त गेले. वर्षाचा विचार केलात तर रक्कम लहान नाही.

इथं एक ध्यानात घ्या. प्रजासत्ताक दिन, धुळवड, स्वातंत्र्य दिन, दसरा, दिवाळी अशा सणांना पेपरच्या कार्यालयांना सुट्टी असते, म्हणून दुसऱ्या दिवशी अंकच निघत नाही. आदल्या अंकात तशी चौकट येते. तो खाडा पेपरवाल्याच्या नावावर घालू नका. काही पेपरांची रविवारची किंमत वेगळी असते, तीही बघून घ्या.

महिन्यात दोन-तीन फुल्या असतील तर माणूस चांगला आहे, त्याला सोडू नका. आठ-दहा असतील तर आधी त्यालाच विचारा. गठ्ठाच उशिरा येत असेल तर दोष त्याचा नाही, वितरण विभागाला कळवा. गठ्ठा वेळेवर येऊनही अंक तुमच्याकडं उशिरा पडत असेल, तर मात्र दुसरा बघा. सोडताना जुनी बाकी चुकती करा. एजंटांची एकमेकांत ओळख असते. एकाचे पैसे बुडवणाऱ्याच्या दारात दुसरा सहसा थांबत नाही.

पेट्रोलचा हिशेबही बघा

"आमच्या गावाला पेपरवाला येतच नाही हो!" अशी तक्रार करणारी गावं पुष्कळ आहेत. त्यांनी त्याच्या जागी बसून हिशेब करावा. समजा, गाव तालुक्यापासून सात किलोमीटर. जाऊन-येऊन चौदा. गाडी लिटरला पन्नास देते असं धरलं आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, तर रोजचे तीसेक रुपये पेट्रोलला गेले. एका अंकामागं त्याला दीड रुपया सुटतो असं धरा. गावात आठ अंक जात असतील तर मिळाले बारा रुपये. तो घरचे अठरा रुपये घालून तुम्हाला पेपर का वाचायला देईल? वीस अंक झाले तर पेट्रोल फिटतं. चाळीस झाले तर दिवसाला तीस रुपये हाती राहतात.

म्हणून एकट्यानं ओढाताण करू नका. गावातले हॉटेलवाले, सलूनवाले, कृषी केंद्र, शाळा, सोसायटी, ग्रामपंचायत यांनी एकत्र बसावं. रस्त्यावरची तीन-चार गावं धरावी. तीस-चाळीस अंकांची मागणी घेऊन एजंटकडं गेलात तर तो खुर्ची देतो. एक-एकटे गेलात तर "बगू" म्हणतो.

दुसरी युक्ती दुधाची. गावातून रोज पहाटे कोणी ना कोणी दुधाचे कॅन घेऊन तालुक्याला जातो आणि रिकामे कॅन घेऊन परत येतो. येताना गाडी रिकामीच असते. त्याला गठ्ठा आणायला सांगा आणि अंकामागं काही ठरवून द्या. पेट्रोल दुधात निघालेलंच असतं, त्यामुळं हे पैसे त्याला वरकड मिळतात. पाव-ब्रेड आणणारा, शाळेची गाडी चालवणारा यांनाही हे जमतं. फक्त तो किती वाजता परततो ते बघा. दुपारी परतणारा असेल तर पेपरही दुपारीच मिळेल.

जिथं यातलं काहीच जमत नाही, अशा वाडी-तांड्यावर टपाल आहे. नोंदणीकृत वृत्तपत्राला टपाल खर्चात सवलत असते. अंक एक-दोन दिवस उशिरा मिळेल, हे मात्र मान्य करूनच चालावं. रोजच्या भावासाठी त्याचा उपयोग नाही, नोटिसा आणि योजनांसाठी आहे. आणि टपालानं खेड्यात पेपर वाचणं आपल्याला नवं नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेलं 'दीनमित्र' साप्ताहिक आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून वर्षानुवर्षे निघत होतं. आपल्या मुलखात तर निजामी राजवटीत पेपर वाचणंही धाडसाचं होतं. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली सुरू केलेल्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर सरकार बंदी घाली आणि ते नवं नाव घेऊन पुन्हा निघे. तेव्हाच्या लोकांनी एवढं सोसून पेपर मिळवला. आपल्याला फक्त एक माणूस नीट ठरवायचा आहे.

त्याचीही बाजू आहे

शेवटच्या दुव्याची किंमत आपल्याला दोनदा कळली. पहिल्यांदा कोरोनात. १८ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारनं घरोघर पेपर टाकायला मनाई केली. छपाईला बंदी नव्हती, स्टॉलवर विक्रीही चालत होती. दारात मात्र अंक येईना. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून याची दखल घेतली. २१ एप्रिलला सरकारनं आदेश बदलला आणि मुंबई-पुण्याचा भाग व प्रतिबंधित क्षेत्रं सोडून घरपोच वाटपाला परवानगी दिली. छापखाना चालू होता, पेपर निघत होता, पण टाकणारा माणूस थांबला की वाचकाचा पेपर बंद पडतो, हे त्या दिवसांत सगळ्यांना दिसलं. कित्येक दुकानदारांनी तेव्हा बंद केलेला पेपर पुन्हा लावलाच नाही.

दुसऱ्यांदा एसटीच्या संपात. नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीची चाकं कमी-अधिक थांबलेली होती. ज्या गावांचा गठ्ठा फक्त एसटीवर यायचा, त्यांचा पेपर अडला. ज्यांनी दुसरी सोय ठेवली होती, त्यांचा चालू राहिला. म्हणूनच वरच्या यादीतला दुसरा आणि तिसरा प्रश्न विसरू नका.

माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम लहानपणी रामेश्वरमला पेपर वाटत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं रेल्वेचा थांबा बंद झाला आणि पेपरचे गठ्ठे चालत्या गाडीतून फेकले जाऊ लागले. त्यांचे चुलतभाऊ पेपरचे वितरक होते. ते गठ्ठे गोळा करायला त्यांना मदतीचा हात हवा होता, ते काम छोट्या कलामांनी केलं. त्या वितरकानं "थांबा बंद झाला, मी काय करू?" असं म्हटलं नाही, माणूस उभा केला. भरवशाचा पेपरवाला म्हणतात तो असा. कलामांचा जन्मदिवस १५ ऑक्टोबर. २०१५ पासून आपल्या राज्यात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात, आणि पेपर विक्रेते तो वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणूनही साजरा करतात. त्या दिवशी तरी आपल्या पेपरवाल्याला बसवून एक चहा पाजा.

बाकीचे दिवस तुमच्याकडून त्याला एवढंच हवं असतं. बिल दहा तारखेच्या आत द्यावं. दुकान चार दिवस बंद ठेवणार असाल तर आधी सांगावं. पावसात अंक भिजू नये म्हणून शटरला एक पत्र्याची पेटी किंवा पाइपचा तुकडा लावावा. ज्याची उधारी तीन महिन्यांची थकलेली आहे, त्याच्या दारात कोणीही सगळ्यात शेवटीच जातो.

"मोबाईल आहे की!"

हे वाक्य तुमच्या ओठावर आलंच असेल. खरं आहे. भाव मोबाईलवर मिळतात, बहुतेक पेपरांची ई-आवृत्तीही दिसते. खाडा पडला त्या दिवशी ती जरूर बघा, विशेषतः नोटिसांची पानं. पण व्हॉट्सॲपवर "विम्याची तारीख वाढली" म्हणून फिरणारा मजकूर कोणाचा, कधीचा, ते कळत नाही. छापील बातमीवर तारीख असते आणि खाली जबाबदार माणसाचं नाव असतं. शिवाय मोबाईल ज्याचा त्याच्या खिशात. बाकड्यावरचा पेपर एकानं मोठ्यानं वाचला की चष्मा विसरलेला म्हाताराही ऐकतो आणि "अरे, हा गट नंबर तर आपल्या शिवारातला!" असं म्हणणारा कोणीतरी तिथंच निघतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

शेवटी दोन शब्द कारभाऱ्यांना. ग्रामपंचायतीत पेपर येत असेल तर तो कपाटात किंवा कोणाच्या घरी जाऊ देऊ नका, बाहेर ओट्यावर ठेवा. पेपरचं बिल दर महिन्याला पावतीसह घ्या. लेखापरीक्षणात प्रमाणक नसेल तर लहान रकमेवरही शेरा येतो. खाड्याचं कॅलेंडर पावतीला जोडून ठेवलंत तर उत्तर द्यायला सोपं जातं. गावच्या जमिनीची, रस्त्याची, लिलावाची नोटीस दिसली की त्या पानाचं कात्रण तारखेसह फलकावर लावा आणि एक प्रत दप्तरी ठेवा. अनुदानित वाचनालय असेल तर वर्गाप्रमाणे ठरलेली दैनिकं घ्यावीच लागतात आणि तपासणीत अंक मोजले जातात. अंक न येताच पूर्ण महिन्याचं बिल दिलं, तर तो खाडा वाचनालयाच्या नावावर चढतो.

तर मंडळी, काम मोठं नाही. उद्या पहाटे एकानं बसस्थानकावर जावं. संध्याकाळी फाट्यावर चार दुकानदारांनी बसून किती अंक होतात ते मोजावं. एक तारखेला माणूस ठरवावा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला दोरीनं एक पेन बांधून ठेवावा. महिन्यानं फुल्या मोजा. दूधवाल्याला आपण पाव लिटरचाही खाडा सोडत नाही. पेपरमध्ये तर कधीकधी बांधावरची जमीन असते.